आधी शास्त्राची परीक्षा, मग आचार्याची

(बारावीनंतर आहारशास्त्र वा निसर्गोपचार यांच्या शिक्षणाचा विचार करणारे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि सेवाकार्यातील कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दरूप.)



चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात वैद्यक शिकू इच्छिणाऱ्या तरुणासाठी एक सूचना आहे. वैद्य व्हायचे ठरले म्हणून त्याने लगेच गुरुगृही जाऊन बसायचे नाही. जगात वैद्यकाची अनेक शास्त्रे प्रचलित असतात. त्यांतून जाणत्यांनी मानलेले, सुसंगत आणि निर्दोष असे शास्त्र कोणते, हे त्याने आधी पारखायचे. शास्त्र ठरले की आचार्याची परीक्षा करायची. त्याचे अध्ययन किती, त्याने प्रत्यक्ष कर्म पाहिले आहे की नाही, त्याच्याजवळ उपकरणे आहेत की नाहीत, शिष्याला समजावून देण्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी आहे की नाही, हे पाहूनच शिष्यत्व पत्करायचे. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या समाजाने हा अध्याय अधिक वाचायला हवा होता, असे आजच्या जाहिराती पाहिल्या की वाटू लागते.

बारावीचे निकाल लागले की या जाहिरातींना ऊत येतो. तीन महिन्यांत आहारतज्ज्ञ व्हा, घरबसल्या निसर्गोपचाराची पदविका मिळवा, नावापुढे डॉक्टर लावा. या वाटेला जाणारी मुले वाईट नसतात. घरात आजीला मधुमेह असतो, वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या वाढत चाललेल्या असतात, आणि औषधांच्या पलीकडे आपल्या पूर्वजांचे काही शहाणपण असले पाहिजे, असे त्यांना मनापासून वाटत असते. हे वाटणे योग्यच आहे. त्या वाटण्याला कोणत्या प्रतीचे शिक्षण मिळते, यावर मात्र पुढे त्यांच्याकडे येणाऱ्या रुग्णाचे भवितव्य अवलंबून राहते. गरजेचे प्रमाण लक्षात घ्यायचे तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे दोनच आकडे पुरेत. महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, आणि पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. ज्या प्रांताला आपण प्रगत म्हणतो, त्या प्रांताचे हे चित्र आहे. अन्नाचे शास्त्र जाणणाऱ्या माणसांची आपल्याला किती निकड आहे, हे वेगळे सांगावयास नको.

तेव्हा चरकाच्या सांगण्याप्रमाणे प्रथम शास्त्राची परीक्षा करू. निसर्गोपचारापासून आरंभ करू, कारण त्याविषयीच गैरसमज अधिक आहेत.

आपल्याकडे पुष्कळांना वाटते की निसर्गोपचार जसाच्या तसा ऋषिमुनींपासून चालत आला आहे. लंघन, पथ्य, स्नान, मृत्तिकालेप, सूर्यप्रकाशाचे सेवन या गोष्टी आपल्या परंपरेत आहेत, यात शंका नाही. परंतु कटिस्नान, मातीच्या पट्ट्या, वाफेची पेटी आणि औषधवर्ज्य उपचार अशी जी पद्धतशीर मांडणी आज निसर्गोपचार या नावाने ओळखली जाते, तिचा मोठा भाग एकोणिसाव्या शतकातील जर्मनीतून आला. लुई कुने आणि अ‍ॅडॉल्फ जुस्ट ही त्यातील प्रमुख नावे. कुने यांचा ग्रंथ १८९४ मध्ये तेलुगूत आला आणि तेथून ही विचारधारा या देशात पसरू लागली. गांधीजींनी जुस्ट यांचे पुस्तक दक्षिण आफ्रिकेत असताना वाचले आणि मातीचे प्रयोग प्रथम स्वतःवर केले. हा इतिहास सांगितला की काही जण हिरमुसतात. हिरमुसण्याचे कारण नाही. जगातून जे आले ते आपल्या मातीत रुजवून घेण्याची ताकद या समाजात होती, असाही त्याचा अर्थ होतो. मात्र ज्याचा इतिहास आपल्याला ठाऊक नाही, त्याच्या प्राचीनतेचे दाखले व्यासपीठावरून देऊ नयेत.

रुजवण्याचे हे काम महाराष्ट्रात झाले, हे मात्र निःसंशय अभिमानाचे आहे. पुण्यात ताडीवाला रस्त्यावर डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते. १९४५ मध्ये तेथे अखिल भारतीय स्वरूपाचा न्यास स्थापन झाला आणि गांधीजी त्याचे अध्यक्ष झाले. त्याच वास्तूत १९८६ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था सुरू झाली. परंतु गांधीजींचे मन शहरातील केंद्रात रमले नाही. गरिबांसाठी काम करायचे तर गरीब जेथे राहतात तेथे गेले पाहिजे, या निष्कर्षाला ते आले आणि मार्च १९४६ मध्ये पुणे-सोलापूर मार्गावरील उरुळी कांचन येथे गेले. काही दिवस त्यांनी तेथे स्वतः रुग्ण तपासले. एप्रिलच्या आरंभी आश्रम उभा राहिला आणि त्याची जबाबदारी मणिभाई देसाई या गुजराती तरुणावर आली.

मणिभाईंचे पुढील आयुष्य विद्यार्थ्यांनी अभ्यासण्यासारखे आहे. गांधीजी गेल्यावर हा मनुष्य गावातच राहिला. रुग्णाला पथ्य सांगायचे, तर ते पथ्य त्याच्या घरात पिकले पाहिजे, हे त्यांच्या ध्यानात आले. दूध प्या असे सांगायचे, तर गाय हवी आणि ती दूध देणारी हवी. भाजी खा म्हणायचे, तर विहिरीला पाणी हवे. उपचारापासून निघालेला हा विचार गोपालनाकडे आणि शेतीकडे वळला. त्यातून १९६७ मध्ये ‘बाएफ’ ही संस्था उभी राहिली. १९८२ मध्ये मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९३ मध्ये ते गेले. निसर्गोपचाराची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. तथापि रुग्णाच्या ताटात काय पडते आणि ते कोठून येते, हा प्रश्न त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. आजच्या पोषणशास्त्रात ज्याला सामाजिक पोषण म्हणतात, ते याहून फार निराळे नाही.

गांधीजींच्या चरित्रातील आणखी एक प्रसंग निसर्गोपचाराच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगितला जावा. जानेवारी १९२४ मध्ये ते येरवड्याच्या कारागृहात असताना त्यांना आंत्रपुच्छाचा तीव्र विकार जडला. त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवण्यात आले. कर्नल मॅडॉक या इंग्रज शल्यविशारदाने रात्री शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली, तेव्हा उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. माती आणि उपवास यांवर ज्याची नितांत श्रद्धा, त्या पुरुषाने इंग्रजांच्या तुरुंगात असताना इंग्रज डॉक्टरच्या सुरीपुढे पोट ठेवले, आणि बरे झाल्यावर निसर्गोपचाराचा पुरस्कार पूर्वीच्याच निष्ठेने चालू ठेवला. कोठे मातीची पट्टी आणि कोठे सुरी, हे ओळखता येणे हाच या शास्त्राचा पहिला पाठ आहे. तो ज्या वर्गात शिकवला जात नाही, त्या वर्गात आपल्या मुलांना बसवू नये.

आता आहारशास्त्राकडे वळू. येथे आपल्याजवळ एक असे नाव आहे की जे मराठी घराघरांत ठाऊक असायला हवे होते, पण नाही. डॉ. कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या कमला भागवत. विदुषी दुर्गाबाई भागवत यांच्या या भगिनी. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले. १९३३ मध्ये कमलाताई मुंबई विद्यापीठाच्या पदवी परीक्षेत पहिल्या आल्या आणि त्याच संस्थेत प्रवेशासाठी त्यांनी अर्ज केला. संचालकपदी साक्षात सर चंद्रशेखर वेंकट रामन होते. केवळ स्त्री म्हणून अर्ज नाकारण्यात आला. कमलाताई बंगळूरला गेल्या, रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि नकाराचे कारण विचारून बसल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते, आणि त्यांच्या उपस्थितीने पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये, अशीही अट होती. रामन यांच्याविषयी आपल्या मनात नितांत आदर आहे आणि तो राहणारच. पण या प्रकरणात चूक त्यांची होती, हे म्हणण्यात संकोच नको. वर्षभरानंतर कमलाताईंचे काम पाहून त्यांचे मत पालटले आणि संस्थेची दारे मुलींसाठी उघडली.

पुढे केंब्रिजमध्ये कमलाताईंनी बटाट्यासारख्या वनस्पतींच्या पेशींत श्वसनाच्या क्रियेत भाग घेणाऱ्या ‘सायटोक्रोम सी’ या द्रव्याचे अस्तित्व दाखवून दिले. १९३९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. विज्ञान विषयात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिलांपैकी होत. विलायतेत राहून त्यांना सुखाने संशोधन करता आले असते. त्या त्याच वर्षी परत आल्या. दिल्ली, मग निलगिरीतील कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा आणि विवाहानंतर मुंबईची विज्ञान संस्था असा त्यांचा प्रवास झाला, आणि मुंबईत त्यांनी काम निवडले ते आपल्या स्वयंपाकघरातले. कडधान्ये आणि नीरा.

यांतील कडधान्यांची कथा नीट सांगितली पाहिजे, कारण आजच्या विषयाचे मर्म तिच्यात आहे. वालाचे बिरडे आपल्याकडे कसे करतात, हे येथील भगिनींना सांगावयास नको. वाल आदल्या दिवशी भिजत घालायचे, मग उपसून फडक्यात बांधून मोड काढायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा आणि मग शिजवायचे. दोन दिवसांचा हा खटाटोप पिढ्यान्‌पिढ्या चालू होता. तो का, असे विचारले तर वाल बाधतात, एवढेच उत्तर मिळे. कमलाताईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५० च्या दशकात त्याचा शोध घेतला. आपण खाल्लेली प्रथिने पचवण्यासाठी स्वादुपिंडातून ‘ट्रिप्सिन’ नावाचा पाचक रस येतो. अनेक कच्च्या कडधान्यांत या ट्रिप्सिनला निष्क्रिय करणारे द्रव्य असते. वालातील हे द्रव्य कमलाताईंच्या प्रयोगशाळेत शुद्ध स्फटिकरूपात वेगळे करण्यात आले. नीट उष्णता दिली की त्याचा जोर बहुतांशी मोडतो. भिजवण्याने आणि मोड काढण्यानेही पचनाला मदत होते.

म्हणजे आजीचे बरोबर होते. पण येथे थांबून ‘पाहा, आमच्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ असे म्हणत टाळ्या घेणे हा आळशीपणा झाला. आजीला कृती ठाऊक होती, कारण ठाऊक नव्हते. कारण कळले, म्हणून दुसरा एक प्रश्न विचारता आला. निसर्गोपचाराच्या काही वर्तुळांत सर्व अन्न कच्चेच खावे, शिजवण्याने त्यातील प्राण जातो, असे मोठ्या निष्ठेने सांगितले जाते. काकडी, गाजर, फळे यांच्याबाबतीत ते ठीक आहे. कच्चे वाल वा कच्चा राजमा यांच्याबाबतीत तोच उपदेश अपायकारक आहे. हे सांगायला प्रयोगशाळाच लागली.

यावर कोणी म्हणेल की ही पाश्चात्त्य दृष्टी झाली, आपली दृष्टी समग्र आहे. त्यांनी पुन्हा विमानस्थान उघडावे. त्याच्या पहिल्याच अध्यायात आहाराचा विचार करण्याची आठ अंगे सांगितली आहेत. त्यांत प्रकृती आहे, देश आणि काल आहेत, खाणारा आहे, तसेच ‘करण’ आहे आणि ‘राशी’ही आहे. करण म्हणजे संस्कार, अन्नावर केलेली प्रक्रिया. राशी म्हणजे मात्रा, मोजलेले प्रमाण. कमलाताईंनी वालाच्या बाबतीत जो अभ्यास केला, तो करणाचाच होता. आणि तराजू हे काही मेकॉलेने या देशात आणलेले नाही.

नीरेचे त्यांचे काम अधिक प्रसिद्ध आहे. तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ताडाच्या नीरेचा आणि तिच्या गुळाचा अभ्यास केला. नीरेतील जीवनसत्त्वे आणि लोह यांची मोजणी केली. कुपोषित वनवासी मुलांना आणि गर्भवतींना ती दिल्यावर प्रकृतीत सुधारणा दिसली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालकपदी त्या पोहोचल्या. निवृत्तीनंतरही स्वस्थ न बसता ग्राहक चळवळीत राहून अन्नातील भेसळ ओळखण्याविषयी त्यांनी लिहिले. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

ज्या कुन्नूरचा उल्लेख झाला, त्या प्रयोगशाळेचा इतिहासही आपल्या ताटाशी जोडलेला आहे. १९१८ मध्ये पाश्चर संस्थेतील एका खोलीत रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरी या रोगाचा अभ्यास सुरू केला. तीच संस्था १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि १९६९ मध्ये राष्ट्रीय पोषण संस्था झाली. (पुण्याची निसर्गोपचार संस्था आणि हैदराबादची ही पोषण संस्था, दोघींचे इंग्रजी आद्याक्षरी नाव ‘एनआयएन’ असेच आहे. अर्ज भरताना मुले गोंधळतात, तेव्हा पालकांनी लक्ष ठेवावे.) बेरीबेरी पसरली ती गिरणीतून घासून निघालेल्या पांढऱ्याशुभ्र तांदळामुळे. कोंड्याबरोबर त्यातील थायमिन हे जीवनसत्त्व निघून जात असे. कोकणातला उकडा तांदूळ मात्र या संकटातून बराचसा वाचवणारा होता. सालीसकट भात उकडला की थायमिन दाण्याच्या आत मुरते आणि नंतर सडले तरी पुष्कळसे शिल्लक राहते. पांढरा तांदूळ प्रतिष्ठेचा आणि उकड्याची पेज गरिबीची, असे मानणाऱ्या पांढरपेशा वर्गाने या एका गोष्टीत आपल्याच गड्याकडून शिकायला हवे होते.

परंतु परंपरेच्या विरुद्ध जाणारे निष्कर्षही त्याच हैदराबादने दिले, आणि तेही ऐकून घेतले पाहिजेत. दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्या गरीब शेतमजुरांत पेलाग्रा हा त्वचेचा आणि मेंदूचा रोग दिसत असे. १९६० च्या सुमारास डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी डॉ. श्रीकांतिया यांनी ज्वारीतील ल्युसिन या घटकाचा त्याच्याशी संबंध असल्याचे मांडले. या उपपत्तीवर पुढे वादही झाले. व्यवहारापुरते इतके निश्चित की तिन्ही त्रिकाळ नुसती भाकरी आणि चटणी, सोबत डाळ नाही, दूध नाही, हिरवी भाजी नाही, अशा ताटाने माणूस आजारी पडतो. भरड धान्यांचा गौरव सध्या सर्वत्र चालू आहे. २०२३ हे वर्ष भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रसंघाने आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, ही आनंदाची गोष्ट आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना असतो, तांदळात दहा-बारा मिलिग्रॅमही धड नसतो. नाचणीचा गौरव सार्थ आहे. पण ज्या मजुराने आयुष्यभर भाकरीच खाल्ली, त्याला भाकरीचे महत्त्व सांगण्याआधी त्याच्या ताटात डाळ आहे का, ते पाहावे लागते.

वनौषधींच्या बाबतीतही हेच दोन्ही अनुभव आहेत. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे निद्रानाशावर आणि उन्मादावर फार पूर्वीपासून वापरात होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन पद्धतशीर नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हृदयरोगविषयक नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. साऱ्या जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये तिच्यातून ‘रेसरपिन’ वेगळे काढण्यात आले. याच औषधाने काही रुग्णांना तीव्र विषण्णता येते, हेही नोंदींमुळेच कळले. दुसरे उदाहरण ताजे आहे. करोनाच्या काळात घरोघर गुळवेलीचा काढा सुरू झाला. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, अशी शक्यता मांडली. समाजमाध्यमांवर मग दोन्ही बाजूंनी शिवीगाळ झाली. खरे पाहता येथे विद्यार्थ्याचे काम सुरू होते. वेल कोणती होती, हे कोणी ओळखले? किती मात्रा, किती दिवस? रुग्णाला आधीचा काही विकार होता का? चरकाने त्याच आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषा सांगितली आहे, म्हणजे त्या विषयातील जाणकारांनी आपसांत केलेली चर्चा. तिच्यात स्नेहाने करायची चर्चा वेगळी आणि हरवण्यासाठी करायचा वाद वेगळा, असा भेदही केला आहे. आपल्याकडे दुसऱ्या प्रकाराची हौस फार.

आता आचार्याची, म्हणजे संस्थेची आणि पदवीची परीक्षा. हा भाग थोडक्यात, पण पालकांनी लिहून घ्यावा असा आहे. निसर्गोपचाराची मान्य पदवी ‘बीएनवायएस’ ही आहे. साडेचार वर्षे अध्ययन आणि एक वर्ष आंतरवासिता असा तिचा काळ. शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिविज्ञान हे विषय त्यात असतात. कर्नाटकात उजिरे येथे १९८९ पासून हे शिक्षण चालू आहे आणि दक्षिणेत त्याचा विस्तार अधिक आहे. आयुर्वेदाची पदवी बीएएमएस, तिचाही काळ एवढाच. २०२० च्या कायद्याने स्थापन झालेला भारतीय चिकित्सापद्धती आयोग आयुर्वेदाचे नियमन करतो, पण योग आणि निसर्गोपचार त्या कायद्याच्या कक्षेत घेतलेले नाहीत. म्हणून ज्या राज्यात व्यवसाय करायचा, तेथे नोंदणीची काय सोय आहे, हे प्रवेशाआधी विचारावे, पदवी हातात आल्यावर नव्हे. आहारशास्त्रासाठी गृहविज्ञान वा पोषण विषयातील पदवी आणि त्यापुढे रुग्णालयातील प्रत्यक्ष अनुभवासह पदव्युत्तर शिक्षण हा राजमार्ग आहे. २०२१ च्या आरोग्यसेवा व्यावसायिकांविषयीच्या केंद्रीय कायद्याने आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ यांना प्रथमच कायदेशीर व्यावसायिकांच्या यादीत स्थान दिले. तीन महिन्यांच्या प्रमाणपत्राने स्वतःच्या घरचा स्वयंपाक सुधारता येईल. दुसऱ्याच्या मूत्रपिंडाचे पथ्य त्यावर ठरवू नये.

आणि जी संस्था मधुमेह वा कर्करोग हमखास बरा करण्याची विद्या शिकवते, तिच्याकडे पाठ फिरवावी. असा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या कायद्यानुसार या देशात गुन्हा आहे. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्या मुलाचे इन्सुलिन काढ्याच्या भरवशावर बंद केले, तर ते मूल काही दिवसांत दगावू शकते. परंपरेच्या नावावर असे एक जरी मूल गेले, तरी त्या परंपरेची जी हानी होते, ती तिच्या शत्रूंना शंभर वर्षांत करता आली नसती.

शेवटी कार्यकर्त्यांसाठी एक प्रयोग सांगायचा आहे, कारण सेवावस्तीत जाणाऱ्यांना तो उद्यापासून उपयोगी पडेल. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात चार जिल्ह्यांत क्षयरोगाचा एक मोठा अभ्यास झाला. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी त्याचे नेतृत्व केले. २८०० रुग्ण आणि त्यांच्या घरांतील दहा हजारांहून अधिक माणसे त्यात होती. रुग्णांना क्षयाची नेहमीची औषधे चालूच होती. त्याबरोबर दरमहा शिधा दिला गेला. घरातील इतरांच्या बाबतीत दोन गट होते. एका गटातील प्रत्येक प्रौढाला महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या गटातील घरांत शिधा फक्त रुग्णाला मिळाला. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष आले. शिधा मिळालेल्या कुटुंबीयांत क्षयाचे नवे रुग्ण एकूण ३९ टक्क्यांनी कमी निघाले, आणि संसर्ग पसरवणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयाचे ४८ टक्क्यांनी.

डाळ आणि भात यांचा हा पराक्रम आहे. यात परदेशी औषध नाही, गुप्त मंत्र नाही, काढाही नाही. आणि औषध सोडा असेही कोणी सांगितलेले नाही. केंद्र शासनाची निक्षय पोषण योजना २०१८ पासून चालू आहे. तिच्यात रुग्णाला महिन्याला मिळणारे पाचशे रुपये नोव्हेंबर २०२४ पासून एक हजार झाले. २०२२ पासून निक्षय मित्र म्हणून कोणतीही संस्था वा कुटुंब एखाद्या रुग्णाच्या शिध्याची जबाबदारी घेऊ शकते. आपल्या वस्त्यांत असे रुग्ण आहेत. कोणाच्या घरी डाळ पोहोचते आणि कोणाच्या घरी ती बापाच्या ताटातच संपते, हे तेथे जाणाऱ्या कार्यकर्त्याला दिसते, कोणत्याही कचेरीतून दिसत नाही. आहारशास्त्र शिकणाऱ्या मुलीने पहिल्या वर्षापासून अशा दोन-चार घरांचे पालकत्व घ्यावे. तिच्या शिक्षणाला त्याहून चांगली प्रयोगशाळा मिळणार नाही.

तिने तेथे जाताना बरोबर वजनकाटा न्यावा. त्याच झारखंडच्या अभ्यासात असे दिसले की उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता. चाळीस किलो वजनाच्या माणसाच्या बाबतीत पाच टक्के म्हणजे दोन किलो. दर पंधरा दिवसांनी वजन करायचे, वहीत तारखेसह लिहायचे, आणि दोन महिन्यांत ते दोन किलो भरले नाहीत तर रुग्णाला घेऊन डॉक्टरकडे जायचे.